माया, प्रेम आणि मैत्री : आपण कशाला काय म्हणतो?

वर्षावासात रविवारची वंदना आटोपली की आम्ही तरुण मुलामुलींना तासभर थांबवून घेतो. भाषण नसते, गप्पा असतात. एका रविवारी आम्ही सगळ्यांना कागदाचे तुकडे दिले आणि सांगितले, नाव घालू नका, फक्त तुम्हाला माहीत असलेले प्रेमाचे प्रकार लिहा.

चिठ्ठ्या उघडल्या. आईची माया जवळपास प्रत्येकीवर होती. मग बापाचे प्रेम, बहीणभावाचे, आजीचा लळा, मित्रांचे प्रेम, नवराबायकोचे, देशप्रेम, बाबासाहेबांवरचे प्रेम. एकाने घरच्या कुत्र्याचे नाव लिहिले होते. एका चिठ्ठीवर एवढेच होते, "जे घरी सांगता येत नाही ते." ती वाचल्यावर आधी हशा झाला आणि मग सगळे एकदम गप्प झाले.

आमच्या लक्षात दुसरीही एक गोष्ट आली. अर्ध्या तासापूर्वी याच मुलांनी करणीय मेत्त सुत्त पाठ म्हटले होते. तरी 'मेत्ता' किंवा त्या अर्थाने 'मैत्री' हा शब्द एकाही चिठ्ठीवर नव्हता. आपण तोंडाने रोज म्हणतो ती मैत्री प्रेमाच्या यादीत बसते, असे कुणाला वाटलेच नाही. हा लेख त्या दोन गोष्टींबद्दल आहे, घरी सांगता न येणाऱ्या प्रेमाबद्दल आणि यादीतून सुटलेल्या मैत्रीबद्दल. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असे आम्हाला वाटते.

आपली बोली काय सांगते?

पुस्तकातली व्याख्या बाजूला ठेवून आधी आपली बोली ऐकू. आई 'माया' करते. नातू आजीला 'लळा' लावतो. शेजारीण 'जीव लावते'. जुन्या मित्राशी 'जिव्हाळा' असतो, ओळखीच्या माणसाबद्दल 'आपुलकी' वाटते, गावाची 'ओढ' लागते. या प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली आहे. कुणी "माझ्या आजीचे माझ्यावर प्रेम आहे" असे म्हणाले तर चूक नाही, पण ते बोलीभाषेतले वाक्य वाटत नाही.

'प्रेम' या शब्दाचे तर विशेषच आहे. वस्तीत कुणी म्हणाले, "तिचं प्रेम आहे," तर अर्थ एकच निघतो आणि आवाज खाली जातो. त्याचे लगेच 'प्रकरण' होते, 'भानगड' होते. 'प्रेमविवाह' हा शब्दही पाहा. दुसऱ्या लग्नाला आपण 'ठरवून केलेले लग्न' म्हणतो. जणू एका लग्नात प्रेम असते आणि दुसऱ्यात विचार, दोन्ही एकत्र असूच शकत नाहीत.

'मैत्री'चे उलट झाले आहे. मराठीत मैत्री म्हणजे दोस्ती. कॉलेजच्या कट्ट्यावरची, वाढदिवसाच्या केकची. त्यामुळे 'सर्व प्राणिमात्रांशी मैत्री' म्हटले की मुलांना ते सुंदर पण निरर्थक वाक्य वाटते. सगळ्या जगाशी दोस्ती कशी करणार?

आणि 'बंधुता'? संविधानाच्या उद्देशिकेतला हा शब्द गावात उतरला की 'भावकी' होतो. भावकी म्हटले की आपल्याला आधी बांधाची भांडणे, वाटण्या आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. म्हणजे रक्ताच्या भावांतही बंधुता आपोआप येत नाही, हे आपल्या बोलीला चांगले ठाऊक आहे.

सर्वात वरचे प्रेम कोणते?

सामान्य माणसे प्रेमाचे प्रकार कसे समजतात, याचा अभ्यास झालेला आहे. बेव्हर्ली फेर आणि जेम्स रसेल या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना प्रेमाचे प्रकार लिहायला सांगितले, तेव्हा यादी नव्वदच्या पुढे गेली. मग त्यांतले नेहमीचे प्रकार घेऊन विचारले, यातले 'खरे प्रेम' म्हणून सर्वात चपखल उदाहरण कोणते? चित्रपट आणि गाणी पाहता उत्तर स्त्री-पुरुषांचे प्रेम असे यायला हवे होते. पण पहिला क्रमांक आईच्या प्रेमाला मिळाला.

या अभ्यासातून आणखी एक मुद्दा पुढे आला. लोकांच्या मनात प्रेमाची काटेकोर व्याख्या नसते. त्यांच्याकडे एक नमुना असतो. त्या नमुन्याशी जे जास्त जुळते ते पक्के प्रेम, कमी जुळते ते सैल प्रेम. मधली सीमारेषा पुसट असते. आपल्या चिठ्ठ्यांतही तेच दिसले. सगळ्यांच्या यादीत आई वर आणि खाली उतरत गेले की वाद.

अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी नेमका हाच नमुना हातात घेतला. मेत्त सुत्तात मैत्री समजावताना उपमा आईचीच आहे. आई एकुलत्या एका लेकराला स्वतःचा जीव धोक्यात घालून जपते, तशी भावना सर्व जिवांबद्दल वाढवावी, असा तिथला आशय आहे. म्हणजे तथागत लोकांच्या समजुतीला हसत नाहीत. तुम्हाला माहीत असलेल्या सर्वात पक्क्या प्रेमापासून सुरुवात करा, असे ते सांगतात. फक्त या प्रेमाला अंगणाचे कुंपण आहे, ते काढायचे आहे. माया आणि मैत्री यांत कमी-जास्त उबेचा फरक नाही. फरक पोहोचण्याचा आहे.

समतेशिवाय माया

इथे आपल्या समाजाचा अनुभव जोडायलाच हवा, कारण प्रेमाच्या भाषेने आपली फसवणूकही झाली आहे. आपले पूर्वज गावात भाकरी मागायला जात तेव्हा आरोळी कोणती देत? 'जोहार मायबाप.' ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्यांनी विटाळ मानणाऱ्याला आई आणि बाप म्हणायचे. शब्द घरचा, व्यवहार उंबऱ्याबाहेरचा. उरलेली भाकरी वरून टाकली जाई आणि तिला दयामाया म्हटले जाई.

पुढे 'हरिजन' हा शब्द आला. देवाची माणसे, असा गोड अर्थ. बाबासाहेबांनी तो नाकारला. गोड नाव देऊन माणसाचा दर्जा बदलत नाही, हे त्यांना दिसत होते. म्हणून आपल्या लोकांना दया या शब्दाची ॲलर्जी आहे आणि ती योग्य आहे. दया वरून खाली येते. देणाऱ्याची जागा वर राहते आणि घेणाऱ्याची खाली.

करुणा वेगळी. दुसऱ्याचे दुःख पाहून आपले मन हलते आणि ते दुःख दूर करायला हात पुढे होतो, ती करुणा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी एक पायरी आणखी वर नेली. करुणा म्हणजे माणसांविषयीचे प्रेम, मैत्री म्हणजे सर्व जीवमात्रांविषयीचे प्रेम, अशी मांडणी त्यांनी तिथे केली आहे. 'हिंदू धर्मातील कोडी' या लिखाणात तर ते म्हणतात की फ्रेंच क्रांतीने ज्याला बंधुता म्हटले तो शब्द अपुरा आहे, योग्य शब्द बुद्धांचा मैत्री हाच आहे. आणि ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, ती आपल्या गुरूच्या, बुद्धांच्या शिकवणीतून घेतली आहेत.

म्हणजे बाबासाहेबांच्या विचारात मैत्री ही विहारापुरती भावना नाही. लोकशाही टिकण्यासाठी लागणारी ती सामाजिक गोष्ट आहे. समता कायद्याने देता येते. शेजाऱ्याने माझ्या दारात पाणी प्यावे आणि मी त्याच्या, हे कायद्याने घडत नाही. त्याला मैत्री लागते.

मग घरच्या मायेला काही किंमत नाही का?

आहे. धम्म म्हणजे कोरडेपणा असा समज काही तरुणांत दिसतो. "बुद्धांनी बायको-मूल सोडले, म्हणजे प्रेम हे बंधन," असे सरळ निष्कर्ष काढले जातात. पिटकातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते.

श्रावस्तीत एका माणसाचा एकुलता एक मुलगा मेला. तो वेड्यासारखा स्मशानात फिरत होता. तथागत त्याला म्हणाले की दुःख आणि शोक प्रियजनांपासून येतात. त्या माणसाला ते पटले नाही. प्रियजनांपासून तर आनंद येतो, असे म्हणून तो उठून गेला. वाटेत जुगार खेळणाऱ्यांना त्याने विचारले, तर ते म्हणाले, तुझेच बरोबर. बोलणे फिरत फिरत राजवाड्यात पोहोचले. राजा प्रसेनजिताने राणी मल्लिकेला टोमणा मारला, तुझे गुरू असे काय बोलतात? मल्लिकेने वाद घातला नाही. तिने विचारले, आपली मुलगी वजिरी तुम्हाला प्रिय आहे का? तिला काही झाले तर तुम्हाला काय होईल? राजा उत्तर देता देता स्वतःच समजून गेला.

या गोष्टीत जुगाऱ्यांचे मत हेच आपले सर्वांचे मत आहे. प्रेम म्हणजे सुख. ते खोटे नाही, अर्धे आहे. बुद्ध 'माया करू नका' म्हणत नाहीत. जिथे जीव जडला तिथे जखमही होणार, हे आधी जाणून घ्या, असे सांगतात.

रमाई आणि बाबासाहेबांचे आयुष्य आठवा. पाच मुलांपैकी चार मुले त्यांनी मातीला दिली. यशवंत तेवढे राहिले. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी रामूच्या, म्हणजे रमाईंच्या, स्मृतीला अर्पण केला. घरचे दुःख त्यांनी टाळले नाही, झाकलेही नाही. पण आपली लेकरे गेली म्हणून इतरांच्या लेकरांसाठीचे काम थांबले नाही. अंगणातली माया आणि वेशीपलीकडची मैत्री एकाच माणसात राहू शकतात, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण आपल्याकडे नाही.

जवळचा शत्रू

आता सगळ्यात उपयोगाचा भाग. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात लिहिलेल्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा या चार ब्रह्मविहारांचे दोन दोन शत्रू सांगितले आहेत. एक दूरचा, एक जवळचा. दूरचा शत्रू सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू घरच्यासारखा दिसतो, म्हणून जास्त धोक्याचा.

मैत्रीचा दूरचा शत्रू म्हणजे द्वेष. जवळचा शत्रू आहे 'राग'. पालीतला राग म्हणजे आपला मराठी संताप नव्हे, आसक्ती. ही व्यक्ती माझी आहे, माझ्या मनासारखी वागली पाहिजे, ही भावना. वरून ती प्रेमासारखीच दिसते.

करुणेचा दूरचा शत्रू क्रूरता. जवळचा शत्रू म्हणजे नुसते हळहळत बसणे. मोबाईलवर अत्याचाराची बातमी पाहून दोन अश्रू, एक स्टेटस आणि मग जेवण.

मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या भल्यात आनंद. तिचा दूरचा शत्रू दुसऱ्याचे चांगले न बघवणे. हा रोग चळवळीत किती आहे, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. जवळचा शत्रू म्हणजे फक्त आपल्या लाभाच्या गोष्टीने हुरळून जाणे. आपल्या गटाच्या मुलाला नोकरी लागली तर पेढे, दुसऱ्या गटाच्या मुलीची निवड झाली तर मौन.

उपेक्खा म्हणजे समतोल मन, आपल्या-परक्याकडे एकाच नजरेने पाहणे. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, आणि गंमत अशी की हे बेफिकीर दुर्लक्षच उपेक्खेचा जवळचा शत्रू आहे. दूरचे शत्रू आहेत ओढ आणि चीड, म्हणजे कुणाची बाजू घेऊन वाहवत जाणे.

ही यादी पाठ करण्यासाठी नाही. आपल्या घरात लावून पाहण्यासाठी आहे.

घरातली कसोटी

आमच्याकडे येणाऱ्या तरुण जोडप्यांपैकी बहुतेकांची गोष्ट एका वाक्याशी येऊन थांबते. आई म्हणते, "तुझं आमच्यावर प्रेम असेल तर त्याला सोड." हे वाक्य बोलणाऱ्या आईची माया खोटी नसते. तिने मजुरी करून मुलीला शिकवलेले असते. पण त्या क्षणी त्या मायेचा दोर झालेला असतो. मैत्रीच्या जागी जवळचा शत्रू येऊन बसलेला असतो.

या आईच्या भीतीला कारणही आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, सोनईजवळ, २०१३ च्या पहिल्याच दिवशी मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली. मुळाशी एका तरुणाचे सवर्ण मुलीवरचे प्रेम होते. त्यात २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच जिल्ह्यातल्या खर्ड्यात एप्रिल २०१४ मध्ये आपल्या समाजातला १७ वर्षांचा शाळकरी मुलगा मारला गेला. मराठा मुलीशी बोलल्याचा संशय हे कारण होते. २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. ज्या आईबापांनी हे वाचले आहे त्यांना "घाबरू नका" असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

पण सगळा विरोध भीतीतून येत नाही, हेही बोलले पाहिजे. एका घरात आम्ही समजवायला गेलो होतो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. वडील वंदना घेणारे, १४ ऑक्टोबरला न चुकता दीक्षाभूमीवर जाणारे. मुलीला मातंग समाजातल्या मुलाशी लग्न करायचे होते. मुलगा शिकलेला, नोकरीचा, निर्व्यसनी. वडील म्हणाले, "सगळं मान्य आहे, पण लोक काय म्हणतील?" तिथे मारहाणीची भीती नव्हती. आपण वर आणि ते खाली, हे जुने गणित होते. विदर्भात तर धम्म घेऊन इतकी वर्षे झाली तरी सोयरीक जुळवताना लाडवण की बावणे, हे हळूच विचारणारी घरे आजही भेटतात. बायोडाटावर धर्म 'बौद्ध' लिहायचा आणि फोनवर पोटजात विचारायची.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' मध्ये आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून मांडला, तेव्हा तो फक्त सवर्णांना दिलेला सल्ला नव्हता. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी स्वतः सारस्वत ब्राह्मण कुटुंबातल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. धम्मदीक्षेच्या वेळी माईसाहेब त्यांच्या शेजारी होत्या. बाबासाहेबांच्या पश्चात मात्र आपल्याच समाजाने त्यांच्याकडे किती वर्षे संशयाने पाहिले, हे ज्येष्ठांना आठवते. बाबासाहेबांवरच्या प्रेमातूनच तो संशय आला, असे त्याचे समर्थन केले जाई. जवळच्या शत्रूचे हे मोठे उदाहरण आहे.

योग्य जोडीदार म्हणजे कोण?

घरातले वडीलधारे कधी कधी सिगालोवाद सुत्ताचा दाखला देतात. मुलांना योग्य जोडीदार पाहून देणे हे आईबापांचे कर्तव्य तिथे सांगितले आहे, हे खरे. पण 'योग्य' म्हणजे काय? त्याचे उत्तर अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता या वृद्ध जोडप्याच्या गोष्टीत मिळते. तरुणपणी लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांशी मनानेही प्रतारणा केली नाही, पुढच्या जन्मीही एकमेकांची सोबत हवी, असे ते तथागतांना सांगतात. पुनर्जन्माबद्दल कुणाचे मत काहीही असो, मिळालेले उत्तर पाहण्यासारखे आहे. दोघांची श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा सारखी असावी. चार निकष. त्यात जात नाही, पोटजात नाही, गुंठे नाहीत, हुंडा नाही.

सिगालोवाद सुत्तच पुढे नवऱ्याची कर्तव्ये सांगते. पत्नीचा आदर करणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे. आदर यादीत पहिला आहे. म्हणजे नवराबायकोच्या प्रेमाला धम्म कमी लेखत नाही, त्याला आदराचा पाया घालतो.

हाच निकष मुलांनाही लागू आहे आणि ते आम्ही शिबिरात स्पष्ट सांगतो. मुलगी नाही म्हणाली तर विषय संपला. तिचा पाठलाग करणे, हाताची नस कापण्याची धमकी देणे, तिचे फोटो पसरवण्याची भीती घालणे, याला एकतर्फी प्रेम असे गोंडस नाव देऊ नका. तो त्रास आहे, आणि पाठलाग हा कायद्याने गुन्हा आहे. आई "प्रेम असेल तर त्याला सोड" म्हणते आणि मुलगा "प्रेम असेल तर हो म्हण" म्हणतो, तेव्हा दोघे एकच काम करत असतात. समोरच्याचा निर्णय हिसकावून घेत असतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिले, कायद्याची माहिती नीट ठेवा. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण असेल तर जोडीदार निवडण्याचा अधिकार त्यांचा आहे. हा अधिकार संविधानाच्या कलम २१ मध्ये येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षी शक्ती वाहिनी प्रकरणात जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा यांबाबत निर्देश दिले गेले. विशेष विवाह कायदा १९५४ नुसार लग्न करायचे तर ३० दिवसांची नोटीस लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. हा महिना जोडप्यासाठी सर्वात जोखमीचा असतो. त्या काळात सोबत कोण राहणार, हे आधी ठरवा. आंतरजातीय विवाहाच्या प्रोत्साहन योजनेत पात्र जोडप्यांना ५० हजार रुपये मिळतात, त्याची कागदपत्रे गोळा करायला मदत करा.

दुसरे, फक्त जोडप्याची बाजू घेऊन आईबापांना शत्रू ठरवू नका. त्यांच्या मायेशी बोला. "तुमची माया खरी आहे, म्हणूनच तिच्यात पोरीच्या मताला जागा करा," हे वाक्य आम्हाला अनेकदा उपयोगी पडले. प्रत्येक वेळी पडले असे नाही. काही दारे बंदच राहिली.

तिसरे, मैत्री भावना शिकवताना पायऱ्या सांगा. विसुद्धिमग्गात त्या क्रमाने दिल्या आहेत. आधी स्वतःविषयी मैत्री. पिढ्यान् पिढ्या ज्यांना स्वतःची लाज बाळगायला शिकवले गेले, त्यांच्यासाठी ही पायरी चैन नाही. मग आदरणीय व्यक्ती, मग जिवलग, मग ज्याच्याशी देणेघेणे नाही असा माणूस, शेवटी वैरी. ज्याच्या शरीराची ओढ वाटू शकते अशा व्यक्तीपासून सुरुवात करू नये, असेही तिथे सांगितले आहे, कारण मैत्री आणि आसक्ती यांची गल्लत होते.

शेवटच्या टप्प्याला त्यांनी 'सीमासंभेद' म्हटले आहे. सीमा फोडणे. दाखला असा आहे. साधक आपला जिवलग, एक तटस्थ माणूस आणि एक वैरी यांच्यासह बसला आहे. दरोडेखोर येऊन म्हणतात, बळीसाठी यांतला एक जण द्या. जो "याला न्या" म्हणतो त्याची सीमा फुटलेली नाही. "इतरांना सोडा, मला न्या" म्हणणाऱ्याचीही फुटलेली नाही. चौघांपैकी कुणालाच देता येत नाही असे ज्याला वाटते, त्याची सीमा फुटली. स्वतःचा बळी देणेही तिथे बसत नाही, हे आमच्या कार्यकर्त्या मुलींनी मुद्दाम लक्षात घ्यावे. घरासाठी, चळवळीसाठी स्वतःला संपवून टाकणे याला आपल्याकडे फार टाळ्या मिळतात.

जातीच्या भाषेत हा दाखला वाचला तर अर्थ आणखी जवळचा होतो. माझा, परका, वैरी या रेघा आपण जन्मताच शिकतो. गावकुसाच्या बाहेर आपल्याला ठेवणारी रेघ तीच होती. लाडवण-बावणे विचारणारी रेघही तीच आहे, फक्त आता ती आपल्या हाताने ओढलेली आहे.

त्या रविवारी चिठ्ठ्या वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा एकदा मेत्त सुत्ताचा अर्थ सांगितला, आईच्या उपमेवर थांबून. मग विचारले, ही मैत्री यादीत कुठे घालायची? बराच वेळ वाद झाला. एक मुलगी म्हणाली, "वेगळा नंबर कशाला? पहिल्या नंबरच्या चिठ्ठीतलं घराचं नाव खोडा, झाली मैत्री." 'घरी सांगता येत नाही' ही चिठ्ठी कुणाची होती ते आम्ही विचारले नाही. पण उठताना सगळ्यांना एवढे सांगितले की ज्याला घरी सांगायचे असेल त्याने एकट्याने सांगू नये, आम्हाला सोबत घ्यावे. हे आमचे आश्वासन वाचकांनाही आहे, आणि प्रत्येक विहारातल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत ते द्यावे अशी विनंती आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.